आधी जेवणाची वेळ ठरव: पहिल्या क्रूझला निघालेल्या लेकीला पत्र

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

क्रूझचं बुकिंग झाल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा आनंद ऐकू आला, आणि त्याच्या मागोमाग गोंधळही. कंपनीचा रोज एक नवा ईमेल येतोय. ड्रिंक पॅकेज घ्या, खास रेस्टॉरंटमध्ये टेबल घ्या, वायफाय घ्या, सवलत आज रात्री संपतेय. "आई, यातलं काय घेऊ आणि काय सोडू?" असं विचारलंस आणि मुलांनी हाक मारली म्हणून बोलणं तिथेच राहिलं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

तुझे बाबा आणि मी जहाजांवर जे पाहिलं त्यावरून माझं मत पक्कं आहे. ज्या गोष्टींच्या जागा मोजक्या असतात, त्या घरून निघण्याआधी पक्क्या कर. जिथे जागेचा प्रश्न नाही, नुसता पैशाचा आहे, तिथे घाई करू नकोस. कागद-पेन घेऊन बस, हिशोब कर आणि मग ठरव. ईमेल या दोन्ही गोष्टी एकाच घाईने विकतात, म्हणून गडबडायला होतं.

सगळ्यात आधी, तिकिटात काय काय आलंय ते नीट वाच. साधारणपणे मुख्य डायनिंग रूममधलं जेवण, बुफे, एक-दोन साधी खाण्याची ठिकाणं, थिएटरमधले कार्यक्रम, पोहण्याचे तलाव, जिम आणि मुलांचा क्लब एवढं तिकिटातच असतं. मद्य, शीतपेयं, बाटलीबंद पाणी, कॅफेतली खास कॉफी, वायफाय, स्पा, बंदरावरच्या सहली, फोटो आणि कर्मचाऱ्यांची टिप हे सहसा वेगळं. आधीच पैसे भरलेलं इतकं असतं की वरचं काहीही न घेता आठवडा भरगच्च जातो. हे एकदा मनात बसलं की ईमेल आले तरी जीव घाबरा होणार नाही.

आता जेवण. माझ्या मते ठरवण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि त्यातही पदार्थांपेक्षा वेळ महत्त्वाची. मुख्य डायनिंग रूममध्ये दोन पद्धती असतात. एक ठरलेल्या वेळेची: संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराची पहिली पंगत, नाहीतर आठ-साडेआठची दुसरी. रोज तेच टेबल, तेच वाढपी. दुसरी पद्धत मोकळ्या वेळेची: हवं तेव्हा जा, टेबल मिळेल तिथे बसा. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली हा मोकळा प्रकार मोठ्या प्रमाणावर आणला आणि आता बऱ्याच कंपन्यांत दोन्हींतलं एक निवडता येतं. डिझ्नीच्या जहाजांवर तिसराच प्रकार आहे. तिथे प्रवासी दर रात्री वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जातात आणि वाढपी त्यांच्याबरोबर फिरतात.

तुम्ही पहिली पंगत घ्या, असं मी ठामपणे सांगेन. तुझ्या सासूबाईंचं इन्सुलिन आणि जेवण यांची वेळ चुकून चालत नाही. मोकळ्या वेळेच्या पद्धतीत गर्दीच्या वेळी रांगेत उभं राहावं लागतं आणि टेबल किती वेळाने मिळेल याचा भरवसा नसतो. धाकटीलाही आठ वाजता जेवायला बसवलं तर ताट येईपर्यंत ती पेंगेल. पहिल्या पंगतीची अडचण एकच: बंदराहून उशिरा परतलात तर धावपळ होते. त्या दिवशी खुशाल बुफेत जेवा, डायनिंग रूमला गेलंच पाहिजे असं काही नाही. पण पहिल्या पंगतीच्या जागा लवकर भरतात, तेव्हा हे या आठवड्यातच कर. टेबल कितीजणांचं हवं तेही तेव्हाच कळव. नाहीतर अनोळखी लोकांबरोबर मोठ्या टेबलावर बसवतात. एरवी ते छान असतं, पण पथ्याचं माणूस आणि लहान मूल बरोबर असताना आपलं टेबल बरं.

ठरलेल्या टेबलाचा खरा फायदा काय, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या शेजारच्या टेबलावर एक आजी होत्या, त्यांना कसलीतरी ॲलर्जी होती. रोज जेवण संपत आलं की मुख्य वाढपी त्यांच्याजवळ येऊन वाकून उभा राहायचा आणि दुसऱ्या दिवशीचं मेनूकार्ड उघडून एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायचा: हे चालेल, यातलं हे काढून देऊ, हे तुमच्यासाठी वेगळं करू. आजी चष्मा पुसून पुन्हा वाचायच्या. तो घाई करायचा नाही. दुसऱ्या रात्री त्यांच्यासाठी केलेलं ताट वेगळं यायचं. सासूबाईंसाठी अशीच सोय होईल. मात्र पथ्याची नोंद आत्ताच बुकिंगमध्ये करून ठेव आणि पहिल्या रात्री वाढप्याला पुन्हा सांग. नुसत्या ऑनलाइन नोंदीवर विसंबू नकोस. आणि डायनिंग रूममध्ये संकोच करायचा नाही. दोन स्टार्टर मागवता येतात, कमी वाढायला सांगता येतं, आवडलं नाही तर बदलून मिळतं.

आठवड्याच्या सफरीत एक-दोन रात्री जरा ठेवणीतले कपडे घालून जेवायला यायची पद्धत असते. सासूबाईंना ते आवडेल. थोरल्याला नको असेल तर हट्ट धरू नकोस, बुफेत कपड्यांचं बंधन त्या मानाने खूपच कमी असतं.

पैसे देऊन जेवायची जी खास रेस्टॉरंट्स असतात, त्यांतलं एक, एका संध्याकाळी, फक्त तुम्हा दोघांसाठी घे. हे मी आग्रहाने सांगतेय. मुलं क्लबमध्ये राहतील आणि सासूबाई आपल्या ठरलेल्या टेबलावर आरामात जेवतील. तोवर वाढपी त्यांना ओळखायला लागलेला असेल. ही रात्र पहिली नको, त्या दिवशी सगळे थकलेले असता. आवडत्या शोचीही नको, कारण तिथलं जेवण दोन-दोन तास चालतं. तीन किंवा पाच रात्रींचं डायनिंग पॅकेज मात्र घेऊ नकोस. मग रोज कुठे जायचं याचीच चर्चा होते आणि आपलं टेबल ओस पडतं.

ड्रिंक पॅकेजची गोष्ट निव्वळ हिशोबाची. ते दर माणशी, दर दिवशी लागतं आणि सफरीच्या प्रत्येक दिवसाचं भरावं लागतं. दिवसभर बंदरावर भटकलात, तरी त्या दिवसाचे पैसे जातातच. वर साधारण १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज असतो. अनेक कंपन्यांचा नियम असा की केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायला हवं. पेयाच्या किमतीलाही मर्यादा असते, त्यावरचं महाग काही मागवलं तर फरक भरावा लागतो. कार्निवल कंपनीच्या पॅकेजात तर चोवीस तासांत १५ मद्यपेयांची मर्यादा आहे. जावईबापू संध्याकाळी एखादा ग्लास वाइन घेतात, तू तेवढीही नाही. मग हे तुमच्यासाठी नाहीच, सुटं मागवा. साधं पाणी, चहा, साधी कॉफी बुफेत मिळते. थोरल्याला शीतपेयं हवीच असतील तर त्यांचं वेगळं छोटं पॅकेज असतं, ते बघ. आधी घेतलेलं पॅकेज बहुधा जहाजावरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं हे खरं, पण जे लागणारच नाही ते स्वस्तात घेऊनही पैसे गेलेलेच.

टिपबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. बऱ्याच कंपन्या ती दर माणशी दर दिवशी आपोआप खात्यात लावतात, मुलांचीही. कर्मचारी महिनोन् महिने घरापासून लांब राहून काम करतात, केबिन दिवसातून एकदा-दोनदा आवरतात, रात्री उशिरापर्यंत वाढतात. ती रक्कम कमी करून घेणारे लोक असतात, आपण ते करायचं नाही. जमलं तर आत्ताच भरून टाक, म्हणजे शेवटच्या बिलात एकदम ओझं दिसणार नाही. जहाजावर रोख चालत नाही. केबिनच्या कार्डावर सगळं लागतं आणि ते तुमच्या क्रेडिट कार्डाशी जोडलेलं असतं. थोरल्याच्या कार्डावर खरेदी बंद ठेवायची का, हे पहिल्याच दिवशी काउंटरवर सांग.

मनोरंजनाकडे वळते, कारण इथे पुन्हा जागांचा प्रश्न आहे. जहाजं आता प्रचंड झालीत. १९९९ साली आलेल्या 'व्हॉयेजर ऑफ द सीज'वर समुद्रातली पहिली बर्फाची रिंक होती, २००९ च्या 'ओॲसिस ऑफ द सीज'वर पाण्यातल्या कसरतींचं उघडं थिएटर आलं, 'क्वीन मेरी २'वर तर तारांगण आहे. २०२४ मध्ये निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर केबिनमागे दोन माणसं धरली तरी ५,६१० प्रवासी बसतात. एवढे लोक एका थिएटरात एका वेळी मावणं शक्यच नाही. म्हणून मोठ्या जहाजांवर शो तिकिटात असले तरी जागा आधी राखाव्या लागतात. आरक्षण उघडलं की लगेच दोन-तीन मुख्य शो घेऊन ठेव. उघड्यावरचा, पाण्यातला शो असेल तर सफरीच्या सुरुवातीच्या दिवसांतला घे. जोराच्या वाऱ्यात ते रद्द होतात, आणि पुढे दिवस शिल्लक असतील तरच पुन्हा बघायची संधी मिळते. जागा नाही मिळाली तर वेळेआधी दाराशी जाऊन उभे राहा, न आलेल्यांच्या खुर्च्या सुरू व्हायच्या थोडं आधी सोडतात. पंगतीची वेळ आणि शोची वेळ एकमेकींवर येत नाहीत ना, हे बघून घे.

बाकीचं ठरवून जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आदल्या रात्री ॲपवर किंवा केबिनमध्ये कागदावर येतो. रात्री झोपताना प्रत्येकाने त्यातली एकच गोष्ट निवडायची असं करा. समुद्रातल्या दिवशी डेकवर खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसणं हाही कार्यक्रमच आहे, आणि त्यासाठी वेळ उरलाच पाहिजे.

मुलांच्या क्लबची नोंदणी जहाजावर चढल्याबरोबर कर. वयाचे गट असतात आणि धाकटीच्या गटात शौचाची सवय झालेली असणं सहसा सक्तीचं असतं, ते आधी विचारून घे.

वायफाय लागेलच असं वाटत असेल तर एकाच फोनसाठी घ्या. पुष्कळ कंपन्यांत एका फोनवरून बाहेर पडून दुसऱ्यावर लॉग-इन करता येतं. जहाज धक्क्यावरून निघताना सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाका, अगदी न विसरता. नाहीतर फोन जहाजाच्या उपग्रहावरच्या नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि त्याचं बिल फार मोठं येतं.

बंदरावरच्या सहलींपैकी एखादीच, पण नीट निवडून, कंपनीकडून घ्या. त्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढे पोचवायची सोय कंपनी करते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलात तर वेळेत परतणं तुमच्यावर. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेव, बंदराची वेळ वेगळी असू शकते. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीत चढता-उतरताना सासूबाईंच्या गुडघ्यांचे हाल होतील. कोणत्या बंदरावर असं आहे ते आत्ताच बघ आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी जहाजावरचाच काही बेत ठेव. स्पा घ्यायचा तर बंदराच्या दिवशी घे, तेव्हा गर्दी कमी आणि बहुधा सवलत असते. फोटो काढून घ्यायचे पैसे नसतात, आवडला तरच विकत घ्यायचा.

चढायच्या दिवशी औषधं, इन्सुलिन, कागदपत्रं, मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीतच असू दे. मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. दुपारी सगळे बुफेकडे धावतात. डायनिंग रूम उघडी आहे का ते विचार, असली तर तिथे निवांत जेवा. सुरक्षेची कवायत, म्हणजे संकटात कुठे जमायचं आणि काय करायचं याचा सराव, कोणालाही चुकत नाही. २०१२ च्या 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाजाच्या दुर्घटनेनंतर नियम कडक झाले, आणि आता ती जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणीच व्हावी लागते. सासूबाईंना घेऊन तुमच्या जमण्याच्या जागेपर्यंत एकदा चालून बघ.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढ, मगच बॅग बंद कर. त्याच संध्याकाळी खात्याचा हिशोब ॲपवर ओळीने तपास. काही चुकलं असेल तर तेव्हाच काउंटरवर जा, सकाळी तिथे मोठी रांग असते.

पहिल्या पंगतीचं आणि पथ्याचं काय झालं ते रविवारपर्यंत कळव. जागा दिसत नसेल तर प्रतीक्षा यादीत नाव घाल आणि मला फोन कर. चढल्याबरोबर मुख्य वाढप्याला भेटून काय काय सांगायचं, ते आपण दोघी मिळून लिहून काढू.

सासूबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, मुलांना खूप खूप पापे.

तुझी,
आई