बॉइंक चालवणाऱ्यांनो, प्रोसेसरला जरा आवर घाला

सभासदहो,

बॉइंक म्हणजे आपल्या संगणकाची मोकळी ताकद संशोधन प्रकल्पांना देणारा प्रोग्राम. उन्हाळा लागल्यापासून त्याबद्दल ग्रुपवर एकच तक्रार येतेय: लॅपटॉप तापतो, पंखा घरघरतो. माझाही परवा इतका तापला होता की कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवेना. आइन्स्टाइन अ‍ॅट होम असो वा रोझेटा, बॉइंकवरच्या या प्रकल्पांना मोकळीक दिली तर त्यांचं काम प्रोसेसरचे सगळे कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे भाग) व्यापतं.

बॉइंक मॅनेजरमध्ये ऑप्शन्स, मग कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेस उघडा. तिथे दोन आकडे शेजारी-शेजारी आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. पहिला किती टक्के प्रोसेसर वापरायचे ते ठरवतो; 8 धाग्यांच्या (थ्रेड, म्हणजे एका वेळी 8 कामं चालवू शकणाऱ्या) मशीनवर 50 टाकलं की एका वेळी 4 वापरले जातात. दुसरा सीपीयू टाइमचा, म्हणजे प्रोसेसरने किती टक्के वेळ काम करायचं त्याचा. तो 60 केला तर काम थोडं चालतं, थोडं थांबतं, पुन्हा चालतं. तापमान वरखाली होतं, पंखाही तसाच कण्हत राहतो. म्हणून आधी पहिला आकडा कमी करा, दुसरा 100 वरच राहू द्या. तरीही तापलं तरच दुसऱ्याला हात लावा.

बॅटरीवर असताना काम थांबवायची खूण लॅपटॉपवाल्यांनी न चुकता करावी.

बॉइंक मॅनेजरमध्ये केलेले बदल फक्त त्या मशीनपुरते असतात, पण त्या मशीनवर प्रकल्पाच्या वेबसाइटवरच्या सेटिंगपेक्षा तेच चालतात. कोअर कमी केलेत तर किती दिवसांचं काम साठवायचं तो आकडाही खाली आणा, नाहीतर काम पुरं करून परत पाठवायची मुदत टळेल.

आणि हो, पंख्याच्या जाळीतली धूळ झटका!