बाबांच्या मायस्थेनियाविषयी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या रक्ततपासणीत मायस्थेनियाची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) सापडल्यापासून फोनवर आपले बोलणे अर्धवटच राहते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, सकाळी नीट उघडलेल्या पापण्या संध्याकाळपर्यंत खाली येणे, एकाचे दोन दिसणे, जेवण संपत आले की जबडा थकणे, हे वयामुळे नाही आणि मनाचे खेळही नाहीत. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, स्नायूवरच्या रिसेप्टरांना, म्हणजे ते पकडणाऱ्या जागांना, चिकटते आणि मग स्नायू आकुंचन पावतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच रिसेप्टरांवर हल्ला करते, त्यामुळे स्नायू वापरावा तसा दुबळा होतो आणि विश्रांतीने सावरतो. तुम्ही दुपारी ठणठणीत दिसता म्हणून संध्याकाळच्या थकव्यावर कोणी शंका घेतली, तर ते मनाला लावून घेऊ नका.

१९३४ साली लंडनमधल्या ग्रिनिच येथे डॉ. मेरी वॉकर यांनी अशा एका रुग्णाला फायसोस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले आणि तिची पडलेली पापणी वर आली. तुमची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच जातीची आहे. तिचा गुण अर्ध्या-पाऊण तासात येतो आणि तीन-चार तासांत ओसरतो, म्हणून ती जेवणाआधी तेवढा वेळ राखून घ्यावी. मूळ आजारावर काम करते ते स्टेरॉइड. ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अशक्तपणा वाढू शकतो, म्हणूनच डॉक्टर थोड्या मात्रेने सुरुवात करत आहेत. ते मनाने कधीही थांबवू नका. छातीचा सीटी स्कॅनही टाळू नका, कारण दहा-पंधरा टक्के रुग्णांत थायमस ग्रंथीची गाठ सापडते.

मला खरी काळजी वाटते ती इतर औषधांची. सर्दी-खोकल्याला दुकानदार सहज देतो ते ॲझिथ्रोमायसिन, जुलाबावरचे सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिनचे इंजेक्शन, यांनी हा आजार एकाएकी बळावू शकतो. काचबिंदूसाठी तुम्ही घालता ते टिमोलॉलचे थेंबसुद्धा डोळ्यापुरते राहत नाहीत, रक्तात उतरतात. मात्र ते परस्पर बंद करू नका, काचबिंदूने नजर जाते. डोळ्यांच्या डॉक्टरांना या आजाराचे सांगून बदलून घ्या. दाताच्या डॉक्टरांपासून भूल देणाऱ्यांपर्यंत प्रत्येकाला आधी मायस्थेनियाची चिठ्ठी दाखवायची, मग औषध घ्यायचे.

आई, तुझ्यावर एक जबाबदारी सोपवते. रोज सकाळी बाबांना एका श्वासात मोठ्याने अंक मोजायला लाव आणि कुठवर पोहोचले ते लिहून ठेव. दम नेहमीपेक्षा लवकर संपू लागला, आडवे झाल्यावर धाप लागली, थुंकी गिळेना किंवा पाणी नाकातून आले, तर सकाळची वाट न पाहता अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात ने. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसला तरी थांबू नकोस; या आजारात तो फार उशिरा घसरतो. तिथे प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याचे आणि इम्युनोग्लोब्युलिनचे (दात्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचे) उपचार मिळतात, आणि वेळेत पोहोचलेले रुग्ण सावरतात.

बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना थेंबांची बाटली आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यायची आहेत. मी मंगळवारी रात्रीच्या गाडीने निघते.

तुमची,
मुलगी