आबा, तुमच्यासारखाच एक म्हातारा इथे भेटला

ती. आबा आणि आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून पत्रच लिहितेय, दादा, मोठ्याने वाचून दाखव प्लीज, मधलं काही गाळू नकोस.

मागच्या रविवारी आम्ही इथे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरावरून बिॲट्रिसला गेलो होतो, तास-सव्वा तासाचा रस्ता, दोन्ही बाजूला काढणी झालेला मका. तिथे गावाबाहेर डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाची शेती होती, आता सरकारने तिचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केलंय. हा गडी 1826 चा. इथल्या यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या बाजूच्या फौजेत होता. 1862 मध्ये लिंकनने कायदा केला की जो कोणी जमिनीवर 5 वर्षं राहील, घर बांधेल, कसेल त्याला 160 एकर मिळतील, फक्त फी भरायची. कायदा 1 जानेवारी 1863 ला लागू झाला आणि असं सांगतात की फ्रीमनला दुसऱ्या दिवशी ड्युटीवर निघायचं होतं, म्हणून आदल्या रात्रीच्या पार्टीत त्याने जमीन ऑफिसच्या क्लार्कला गाठून मनवलं आणि मध्यरात्रीनंतर ऑफिस उघडायला लावलं. अर्ज नंबर 1 त्याचाच!

160 एकर म्हणजे 6400 गुंठे आबा. आपली सव्वादोन एकर. तिथलं पार्किंग मुद्दाम बरोब्बर एक एकराचं केलंय, लोकांना एकर म्हणजे केवढं ते कळावं म्हणून. तुम्ही असता तर पावलांनी मोजून बघितल्याशिवाय आत आला नसता.

पण मला जे तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच आहे. 5 वर्षं झाल्यावर जमीन नावावर व्हायला दोन शेजाऱ्यांनी शपथेवर जबानी द्यायची असायची, आपल्याकडे पंच असतात ना तसं. 1868 ची ती जबानी अजून जपून ठेवलेली आहे. शेजारी सांगतात की घर 14 बाय 20 फूट, अर्धं ओंडक्यांचं अर्धं फळ्यांचं, दोन दारं, दोन खिडक्या, लाकडी जमीन. सुमारे 35 एकर नांगरून कुंपण घातलंय. तबेला आहे, 100 फूट लांब मेंढ्यांची शेड आहे, मक्याची कणगी आहे. सफरचंदाची 40 झाडं आणि पीचची सुमारे 400 लावलीत. बास. माणूस शूर होता की चांगला होता असा एक शब्द नाही, तरी वाचताना मला रडू आलं, कारण मला एकदम आपला माळ दिसला, तुम्ही 71 ची लढाई करून पेन्शनवर आलात आणि जिथे शेळीसुद्धा चरत नव्हती तिथे सुरुंग लावून विहीर काढलीत, आणि मग सातबाऱ्यावरची ती एक चुकीची नोंद दुरुस्त करायला 9 वर्षं हेलपाटे घातलेत.

त्याची बायको ॲग्नेस, तिचं लग्न आधी त्याच्या भावाशी ठरलेलं, तो युद्धात वारला. मग डॅनियलने पत्रं लिहून लिहून तिला मागणी घातली आणि 1865 मध्ये ती आयोवाहून इकडे आली. आजी, तो गेल्यावरही ती 20-22 वर्षं जगली. दोघांना तिथेच शेतात पुरलंय.

म्हातारपणी पण गडी गप्प बसला नाही. शेजारच्या शाळेत बाई बायबल वाचायच्या, प्रार्थना म्हणून घ्यायच्या, याने हरकत घेतली की सरकारी शाळेत एका धर्माची उपासना नको. खालच्या कोर्टात हरला. वरती गेला आणि 1902 मध्ये नेब्रास्काच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा वय 76! गावात किती जणांनी बोलणं टाकलं असेल. 1908 च्या डिसेंबरात गेला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. ही जमीन रिकामी नव्हतीच, ओटो-मिसुरिया या इथल्या मूळ रहिवासी लोकांची होती. 1854 च्या करारात ती त्यांच्याकडून घेतली, मग जवळच थोड्याशा जागेत कोंबलं आणि 1881 मध्ये तिथूनही ओक्लाहोमाला हलवलं. पुढे या कायद्यात 16 लाख जणांना मिळून 27 कोटी एकर वाटली गेली. कोयनेच्या धरणात घरं गेलेली माणसं आपण बघितलीत, त्यामुळे फ्रीमनच्या कष्टांबद्दल कितीही आदर वाटला तरी हे सोडून त्याची गोष्ट मला सांगताच येणार नाही.

तिथे ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडांचं जुनं कुंपण अजून उभं आहे, तारेच्या कुंपणाआधी इथे हेच लावायचे. खाली हिरवी फळं पडली होती, बेलफळाएवढी, वरून मेंदूसारखी सुरकुतलेली. एक फुटलेलं हातात घेतलं तर उंबरासारखा पांढरा चीक, घरी येईपर्यंत बोटं चिकट.

दादा, आता तुझं काम. आबांजवळ वही घेऊन बस. विहीर किती फुटांवर लागली, पहिलं पीक कुठलं, बांधावरचे आंबे कुठल्या साली लावले, किती जगले, सगळं त्यांच्या शब्दांत लिही. वाटल्यास शेजारच्या तात्यांना पण बोलव, दोन साक्षीदार होतील. आणि फोटो काढून मला पाठव, दिवाळीच्या आत.

तुमची नात,
सई