तुझ्या खोकल्याबद्दल

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बराच वेळ ओट्याशीच उभी होते. मला भांडायचं नव्हतं गं. खोकल्याचा विषय काढायचाच नाही, असं ठरवून लिहायला बसले आहे.

मोटारगाडी बनवणारा तो जर्मन कार्ल बेंझ तुझ्या कार्ल्सरूच्या कॉलेजात शिकला होता, हे तू पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंस. तेव्हा मी नुसतं ‘हो का’ म्हटलं. परवा त्याच्याबद्दल वाचायला घेतलं, तर त्याच्याआधी मला त्याची आईच दिसायला लागली. योसेफीन. नवरा रेल्वेचं इंजिन चालवायचा. तो न्यूमोनियाने गेला तेव्हा पोरगा दोन वर्षांचाही झाला नव्हता. न्यूमोनियाही सुरुवातीला साध्या खोकल्यासारखाच वाटतो. तुझ्या बाबांच्या वेळी आपण दोन महिने ‘हवा बदललीय’ म्हणत बसलो होतो.

बघ, आलंच.

त्या बाईने गरिबीत दिवस काढून मुलाला शिकवलं. त्याने सरकारी नोकरी धरावी असं तिच्या मनात होतं, पण त्याचं चित्त यंत्रात. १८६४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो तुझ्या कॉलेजातून बाहेर पडला. ती १८७० मध्ये गेली. गाडीचं पेटंट मिळालं १८८६ मध्ये. मुलाने काय केलं ते तिने पाहिलंच नाही. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणि त्याची बायको बेर्टा! लग्नाआधीच आपल्या हुंड्याचे पैसे मागून घेतले आणि त्याच्या भागीदाराला मोकळं केलं. (पाटल्यांचं तू मनात आणू नकोस. त्या पेटीतच पडून होत्या.) पुढे कारखाना बुडायला आला. १८७९ च्या शेवटच्या रात्री, जेवणं झाल्यावर, तीच म्हणाली, चल, एकदा पुन्हा चालवून बघू. आणि त्या रात्री इंजिन चाललं. दोघं तासभर नुसती ऐकत उभी राहिली. तू रात्री अकरापर्यंत लॅबमध्ये असतेस, त्याचा मला अभिमानच आहे. पण येताना कानाला काही गुंडाळतेस का? बेर्टासोबत नवरा तरी होता, तू त्या थंडीत एकटी सायकलवरून येतेस. अशाने खोकला कसा बरा होणार, सांग? तिशीच्या आत माणसाला वाटतं की आपल्याला काही होत नाही, आणि मग...

चुकलं. व्याख्यान द्यायचं नव्हतं.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता ती दोन्ही मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला, माहेरी, त्या तीनचाकी गाडीतून गेली. शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तर टोपीची पिन घालून मोकळी केली. हे वाचलं आणि तू आठवलीस. नववीत होतीस. बाबांची स्कूटर मारुतीच्या देवळापाशी बंद पडली, आणि तू माझ्या अंबाड्यातला आकडा ओढून जेट साफ केलंस. अंबाडा सुटला, आकडा काळा झाला, आणि बाबा आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगत सुटले. तो आकडा मी टाकलेला नाही.

वाटेत इंधन संपलं, तर बेर्टाने ते वीसलॉखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. तेव्हा ते तिथेच मिळायचं. तुझ्या वाटेवरही औषधाचं दुकान असेलच. पण नुसतं सिरप आणून भागवू नकोस, डॉक्टरांना छाती तपासू दे. तीन आठवडे झाले, मुक्ता. आणि जे सांगतील ते मला खरं सांग. ‘काही नाही गं’ म्हणू नकोस, ते बाबा म्हणायचे.

मोठ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात सुंठीची पुडी आहे. काढली नसशील तर काढ.

तुझी,
आई