गौरीलाही मी येत नाहीये, त्याचं कारण

ती. आई-बाबांस,
सा. न.

आधी सांगूनच टाकते, नाहीतर पत्रभर तेच मनात घोळत राहील. आम्ही परतीची तिकिटं पाच दिवस पुढे ढकलली आहेत. म्हणजे गणपतीला नव्हतेच, आता गौरीलाही मी नाही. फोनवर सांगवेना. आई नुसतं "बरं" म्हणाली असती आणि त्यानंतर मला पुढे बोलता आलं नसतं. बाबा, डोळ्याला ताण देऊन वाचू नका, वहिनीला वाचून दाखवायला सांगा.

लग्नानंतर इतक्या वर्षांत घरचा गणपती मी एकदाही चुकवला नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे. जावयांना याच दिवसांत रजा मिळाली, तिकिटं तेव्हाच परवडत होती, पोरांनी समुद्र समुद्र करून डोकं खाल्लं होतं. हे सगळं खरं. पण बाबा, मॉरिशसच का, हे मी निघताना तुम्हाला धड सांगितलं नाही. आरती संपल्यावर तुम्ही गाऱ्हाणं घालता, त्यात शेवटी "जो बोटीन गेलो, तेका पण सांभाळ रे म्हाराजा" म्हणता आणि आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतो. बोटीने गेलेला तो म्हणजे तुमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ. लहानपणी मला वाटायचं, तो माणूस अजून बोटीतच आहे. पावसाची सर आली की मी ओटीवर तुमच्या मांडीत शिरून विचारायची, तो भिजत असेल का? तुम्ही म्हणायचात, त्याला छत्री दिलीय. ती छत्री माझ्या डोक्यातून कधी गेलीच नाही.

परवा पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. बोटीतून उतरलेली माणसं ज्या पायऱ्या चढून वर आली, त्या तिथे जपून ठेवल्या आहेत. सोळा आहेत, धाकट्याने दोनदा मोजल्या. आपला जांभा नव्हे, काळा कातळ. समोरचा समुद्र भराव घालून मागे सारलाय, शेजारून गाड्यांचा मोठा रस्ता जातो, त्यामुळे पायऱ्या एकदम लहान वाटतात. १८३५ला इथली गुलामगिरी उठली आणि मळेवाल्यांना ऊस तोडायला माणूस हवा होता. त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ला, 'ॲटलस' जहाजातून कलकत्त्याकडचे ३६ जण या बंदरात आले होते. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये. मग १९२०पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं या बंदरातून गेली, काहींना तर इथून आणखी पुढच्या बेटांवर पाठवलं. मुंबईहूनही बोटी सुटल्या. त्यांत रत्नागिरीचे, सावंतवाडीचे, साताऱ्याकडचे लोक होते. मी चौथ्या पायरीशी वाकून हात लावला. थंडगार होती. बाबा, आजी साखरेला "मोरस" म्हणायची ना? तो शब्द या बेटाच्या नावावरूनच आला. आपण रोज चहात घालत होतो आणि एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडे कास्कावेलला गेलो. तिथे मराठी वस्ती आहे. गणेश चतुर्थीची या देशात सरकारी सुट्टी असते. एका घरी आम्हाला आत बोलावलं. ते लोक आपसात क्रिओल, म्हणजे इथली बोली, बोलतात, पण आरतीला उभे राहिले आणि तोंडातून एकदम मराठी! पुढच्या पिढीतली पोरं ती शाळेत शिकतात. घरातल्या आजीबाईंनी माझा हात धरला आणि विचारलं, "गाव?" मी सांगितलं. त्यांना गाव ओळखीचं नव्हतं, तरी हात सोडेनात. रात्री पुरुषांनी घुंगरू बांधून फेर धरला, "झाकरी" म्हणतात ते. बाबा, आपली जाखडी! मृदंगाचा ठेका तोच, पाय आपटायची पद्धत तीच. मला भरून आलं, जावयांनी पोरांना बाहेर नेलं. त्या घरचा गणपती दीड दिवसाचा होता, समुद्रात विसर्जन केलं.

आता पाच दिवसांचं. इथे मोका नावाच्या गावी महात्मा गांधी संस्थेत बोटींतून आलेल्या माणसांच्या नोंदी आहेत. प्रत्येकाला नंबर होता. नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, सगळं लिहिलेलं. १८६०च्या दशकात फोटोही काढायला लागले. आम्ही गेलो तर गणपतीची सुट्टी म्हणून कार्यालय बंद आणि पुढे शनिवार-रविवार. आमचं विमान त्याच्या आतच होतं. बाबा, तुमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ त्या कागदांत असेल तर मी दार लावलेलं बघून परत कशी येऊ? तुम्हाला कदाचित वाटेल, सापडून करायचं काय. मलाही सांगता येत नाही. पण तुम्ही सत्तर वर्षं त्याच्यासाठी गाऱ्हाणं घालताय. नाव सापडलं तर पुढच्या वर्षी ते नावानिशी घालाल. मी तुम्हाला टाळून इथे राहिले असं मनातही आणू नका. खरं तर रोज सकाळी तुमचीच आठवण जास्त येते.

आमची अजिबात काळजी करू नका. इथे आत्ता हिवाळा आहे, पोरांना स्वेटर घालते, पाणी उकळून देते. घर भाड्याचं आहे पण स्वयंपाकघर आहे, रात्री मुगाची खिचडी करते. दुपारी रस्त्यावरची दालपुरी खातो. आई, डाळ भरलेली ती मऊ पोळी अगदी तुझ्या पुरणपोळीची बहीण, फक्त गोड नाही. दोन-दोन एकदम देतात, वालासारख्या उसळीबरोबर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे, तोड चालू आहे. शेतांत मध्येच काळ्या दगडांचे घरांएवढे ढीग दिसतात. जमीन साफ करताना लोकांनी हातांनी वेचून रचलेले. तेवढं बघून मात्र मोठी एकदम गप्प झाली. आमची वेळ तुमच्यापेक्षा दीड तास मागे आहे. तुमचे साडेनऊ झाले की मी फोन करीन, तोपर्यंत चिंता करत बसू नका.

आता माझं ऐका, दोघांनीही. बाबांनी डोळ्यात थेंब चार वेळा घालायचे आहेत. आई, तू विसरतेस म्हणून नाही सांगत, बाबा "घातले" म्हणून सांगतात म्हणून सांगते आहे. कापराच्या धुरात उभं राहायचं नाही, डोक्यावरून आंघोळ नाही. गणपतीवर बांधलेली माटवी सोडायला स्टुलावर चढायचं नाही. कवंडळं, तवशी, सुपारीचं शिप्टं, काकांचा धाकटा सगळं उतरवील, मी त्याच्याशी बोलले आहे. आणि आई, तेरडा आणायला तू परड्यात एकटी जाऊ नकोस, तिथली पायवाट शेवाळलेली असते. गेल्या वर्षीचा तुझा गुडघा मला अजून आठवतो. पुढच्या महिन्यात नवरात्रात मी दहा दिवस येणार आहे, नुसती मी आणि पोरं. तेव्हा तू माझ्या केसांना तेल लाव, भांडीकुंडी मी बघते.

विसर्जनाच्या दिवशी त्या बोटीवाल्याच्या नावाचा नारळ फोडालच. या वर्षी तुम्ही खाली वाकायचं नाही, बाबा. पाटावर बसून गाऱ्हाणं घाला, नारळ काकांच्या धाकट्याच्या हातात द्या. मला फोन लावून बाजूला ठेवा. मी इथून "व्हय म्हाराजा" म्हणेन.

तुमची,
बायो