क्लिक केल्यावर साखळी दिसते, पण अर्धीच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. एडिटरमध्ये फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याच्या, नावावर क्लिक केलं की त्याला कोण कॉल करतं, म्हणजे कामाला बोलावतं, ते लगेच कळतं, म्हणून मोठा कोड समजून घेणं आता सोपं झालं आहे, असा त्याचा सूर आहे. माझी सगळी नोकरी दुसऱ्यांनी लिहिलेला सी भाषेतला कोड सांभाळण्यात गेली, त्यामुळे राहवलं नाही.

एक तर ही सोय नवी नाही. बेल लॅब्जमध्ये जन्मलेलं सीस्कोप नावाचं कोड धुंडाळायचं साधन हे काम 1980च्या दशकापासून करतं आहे. या फंक्शनला कोण बोलावतं आणि हे कोणाला बोलावतं, हे दोन्ही प्रश्न त्याच्या मेनूतच आहेत. मी आजही तेच वापरते. दिसायला रूक्ष आहे, पण झटपट उत्तर देतं.

खरी अडचण येते ती नावच लिहिलेलं नसतं तिथे. लिनक्स कर्नलचंच, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचंच पाहा. त्यात दोन कोटींहून अधिक ओळी आहेत. फाइल वाचण्याचा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला केलेली विनंती, व्हीएफएस_रीड या फंक्शनपर्यंत सरळ सापडतो. त्यापुढे मात्र फाइलसोबतच्या तक्त्यातून एक फंक्शन पॉइंटर, म्हणजे फंक्शनचा मेमरीतला पत्ता, उचलला जातो आणि तो जिथे नेईल तिथे उडी मारली जाते. डिस्कवरची फाइल, पाइप आणि सॉकेट यांचे तक्ते वेगवेगळे. क्लिक करून फार तर त्या तक्त्याची व्याख्या उघडते. मग प्रश्नच बदलावा लागतो: कोण कॉल करतं हे सोडून, या जागी हा पत्ता कोणी आणि कधी भरला, ते शोधायचं. त्यात मॅक्रोंची, म्हणजे कंपाइल होण्याआधी प्रीप्रोसेसर ज्यांच्या जागी पूर्ण कोड भरतो अशा संक्षेपांची भर. त्याच सिस्टिम कॉलच्या ‘सिस_रीड’ या फंक्शनची व्याख्या शोधायला गेलात तर त्या नावाने ती सापडणार नाही, ती एका मॅक्रोच्या कंसात नुसती ‘रीड’ म्हणून लिहिलेली आहे आणि पूर्ण नाव प्रीप्रोसेसर जुळवतो. नवी मुलं इथे हमखास अडकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पायथॉनमध्ये तर फंक्शनचं नाव चालू प्रोग्रॅममध्ये स्ट्रिंग जोडूनही तयार करता येतं.

म्हणून कोड चालवून बघावा लागतो. कर्नलमध्ये 2008 साली एफट्रेस हे धावणाऱ्या फंक्शनांची नोंद, म्हणजे ट्रेस, ठेवणारं साधन आलं. कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर जवळपास प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक छोटी जागा सोडतो. एरवी तिथे काहीच घडत नाही, ट्रेस सुरू केला की तिथून नोंद होते. कोणी कोणाला बोलावलं आणि किती मायक्रोसेकंद लागले, हे ओळीने समोर येतं. हा ट्रेस पहिल्यांदा वाचताना जो आनंद होतो, तो क्लिक करून नाही मिळत. पण हाही पुरावा अर्धाच! जे चाललं तेवढंच त्यात दिसतं. डिस्क भरल्यावर किंवा मेमरी न मिळाल्यावर धावणारी वाट त्या दिवशी धावलीच नसेल, तर ती ट्रेसमध्ये नाही. शिवाय छोटी फंक्शनं कंपायलर बोलावणाऱ्याच्या पोटातच विरघळवून टाकतो. ती यादीत नसतात, म्हणून ‘हे वापरात नाही’ असं समजून कोणी ती उडवायला निघालं, तर त्याला वेळीच थांबवावं लागतं.

संपूर्ण कॉल ग्राफ, म्हणजे कोण कोणाला बोलावतं याचा नकाशा, काढून देणारी साधनंही आहेत. भिंतभर छापला तरी त्या चित्राचा उपयोग शून्य. मी उलटी जाते: सगळ्यात खालच्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावून प्रोग्रॅम तिथे थांबवायचा, मग स्टॅक, म्हणजे तिथवर कोणी कोणाला बोलावत आलं त्याची उतरंड, बघायचा, वर चढायचं आणि कागदावर प्रश्नापुरतीच नावं लिहायची.

आमच्याकडे मुलाखतीला येणारे विद्यार्थी कोऱ्या पडद्यावर सॉर्टिंग लिहून दाखवतात, कारण परीक्षेत तेच विचारतात. त्याऐवजी एखादा मोठा खुला प्रकल्प हातात द्यावा आणि विचारावं, अमुक फंक्शनपर्यंत कोणकोणत्या वाटांनी पोहोचता येतं? अशा उत्तराला गुण कसे द्यायचे, अशी शंका प्राध्यापक मंडळी काढतील. प्रत्येक वाटेसोबत तिचा ट्रेस जोडायला लावावा. ज्या वाटेचा ट्रेस मिळाला नाही, ती कोणत्या परिस्थितीत धावेल ते कोडमधली ओळ दाखवून लिहायला सांगावं, आणि जास्त गुण या दुसऱ्या भागाला ठेवावेत.

आपली,
एक वाचक