एकच अक्षर खोडणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

वाचनालयातल्या त्या दुपारला आठवडा उलटला, तरी आपले आभार मानल्यावाचून मला राहवत नाही. माझ्या हातातले शब्दकोडे घराचे भाग आणि रोजच्या वस्तू यांवरचे होते आणि मी 'कडी अडकवण्याची जागा, ३ अक्षरे' इथे अडले होते. पहिले 'को' आणि शेवटचे 'डा' जुळत होते म्हणून मी मधे 'ना' भरून 'कोनाडा' केला होता. परिणामी 'ताबा' या अर्थाचा चार अक्षरी उभा शब्द काही केल्या बसत नव्हता.

आपल्याआधी मी दोघांना विचारले होते. एकाने शोधसूत्र पुरते न वाचताच 'एवढेही येत नाही का?' म्हणत कात्रण परत केले; दुसऱ्याने मोबाईलवर उत्तरांची यादीच वाचायला घेतली, तेव्हा मी कात्रण ओढून घेतले. मन खट्टू झाले होते.

आपण मात्र खोडरबर मागून घेतले, तेवढे 'ना' खोडले, रबराची भुकटी हलकेच फुंकली आणि पेन्सिल माझ्या हातात परत दिली. 'को' आणि 'डा' यांना, म्हणजे माझे जे बरोबर होते त्याला, आपण धक्काही लावला नाही. 'कोनाड्यात वस्तू ठेवतात. कडी अडकवतात कशात?' एवढे विचारून आपण पुन्हा मासिकात मान घातली. दाराची कडी डोळ्यांपुढे आली, मी 'कोयंडा' लिहिला आणि 'यं' मिळताच 'नियंत्रण' सरळ खाली उतरला.

वस्तूचे काम आधी विचारावे, हे मला त्या प्रश्नाने शिकवले. 'छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड, २ अक्षरे' याला पूर्वी मी 'वासा' लिहून मोकळी झाले असते. पण वासा उतरता असतो आणि वासे माथ्याशी ज्याला टेकतात ते आढे, हे त्याच दुपारी माझे मला सुचले. उत्तर ओठांवर असताना ते आवरून धरायचे, समोरच्याचा शोधण्याचा आनंद त्याच्यापाशीच राहू द्यायचा, ही सभ्यता मी फार थोड्या माणसांत पाहिली आहे.

ते कात्रण मी वहीत चिकटवले आहे. 'यं'च्या मागे खोडलेल्या 'ना'ची पुसट खूण अजून दिसते.

आपली कृतज्ञ,
समोरच्या खुर्चीवरची वाचक